पाखरांचं मस्टर

आमच्या कचेरीत दोन मस्टरं होती. एक सरकारी. ते हेडक्लार्कांच्या टेबलावर उघडं पडलेलं असे आणि दहावर पाच मिनिटं झाली की त्यांच्या हातून मिटलं जाई. दुसरं खासगी. ते त्यांच्या लांब कोटाच्या आतल्या खिशात असे. पहिल्यात आम्हा एकवीस कारकुनांची नावं होती आणि दुसऱ्यात पाखरांची. हेडक्लार्कांचा जीव कुठल्या मस्टरात अडकला होता हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नातवंडं अजून गिरगावात आहेत आणि त्यांना आजोबा गंभीर गृहस्थ होते असंच वाटतं, तर तसंच वाटू द्यावं. आम्हीही त्यांचं नाव कधी घेतलं नाही. समोर 'रावसाहेब' आणि पाठ वळली की 'मस्टर'. काळ म्हणाल तर प्लेगाच्या आधीची तीन-चार वर्षं. ट्रामला घोडे होते, आणि मी कचेरीत नुकताच चिकटलो होतो.

अंगाने ते काटकुळे होते, पागोटं मात्र दोघांना पुरेल एवढं. चालताना आधी छत्री पुढे येई, मग पागोटं, आणि मागून रावसाहेब. पाऊस असो नसो, छत्री हातात हवीच, कारण तिच्या टोकाने ते पाखरं दाखवत. कचेरीत त्याच टोकाने आमच्या वहीतल्या चुका दाखवत. पाखरांत चुका दाखवलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

गणपती पोचवले, पितृपक्ष सरला, की ते अस्वस्थ होऊ लागत. आश्विनात उत्तरेकडची पाखरं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. आधी शेपटी हलवणारे परीट, मग चिखलात चोच खुपसणारे तुतवार, मग कुरवांचे थवे. या सगळ्यांविषयी रावसाहेबांचा एक सिद्धांत होता. ते म्हणत, "ही पाखरं म्हणजे आपली कोकणातली माणसं. हिवाळाभर मुंबईत नोकरी करायची आणि उन्हाळा लागला की मुलुखाला जायचं. घर तिकडे, पोट इकडे." म्हणून पाखरं येत नसत, 'कामावर रुजू होत'. आणि चैत्रात उडून गेली की त्यांच्या नावापुढे 'हक्काची रजा' अशी नोंद पडे.

प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना होता. एकदा गिरगावच्या नाक्यावर ट्रामचा घोडा पाय घसरून पडला आणि मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. कारण लिहून दिलं. घोडा, नाका, जमलेली गर्दी, सगळं. रावसाहेबांनी लाल शाईने शेरा मारला, 'कारण सबळ नाही'. त्याच दिवशी दुपारी ते पाणी प्यायला उठले तेव्हा खासगी मस्टर टेबलावर राहिलं होतं, ते मी चोरून पाहिलं. परीट त्या वर्षी चार दिवस उशिरा आले होते. त्यापुढे सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरेकडे पाऊस लांबला असावा. कारण सबळ'. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

या मस्टराचा एक कायदा फार कडक होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हजेरी भरायची नाही. आमच्यातला एक जण दादरला मिठागरांजवळ राहायचा. त्याने एकदा येऊन सांगितलं की मंगळवारीच आमच्याकडे तुतवार उतरलेत. रावसाहेब म्हणाले, "तुम्ही पाहिलेत. मी पाहिलेले नाहीत." तो गडीही खट. दुसऱ्या दिवशी त्याने दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन रीतसर लेखी जबाब आणला. रावसाहेबांनी तो नीट वाचला, त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि परत दिला. तुतवार गैरहजर ते गैरहजरच. पुढच्या रविवारी ते स्वतः दादरला गेले तेव्हा कुठे बिचारे तुतवार रुजू झाले.

आश्विन-कार्तिकातल्या रविवारी रावसाहेब आम्हाला पाखरं दाखवायला नेत. कुणावर सक्ती नव्हती. फक्त एवढंच, की रविवारी जो आला त्याचा रजेचा अर्ज सोमवारी मंजूर होई. माझ्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, त्यामुळे त्या वर्षी माझी पक्ष्यांवर एकाएकी भक्ती जडली. पहाटे गिरगावातून निघायचं, महालक्ष्मीवरून बांध ओलांडायचा आणि वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. दोघादोघांनी चालायचं, बोलायचं नाही, तपकीर ओढायची नाही, शिंक आली तर उपरण्यात. वहाणा हातात घेऊन चिखलातून जाणारी ती कारकुनांची वरात पाहून कोळणी पदर तोंडाला लावायच्या.

रावसाहेबांकडे लिलावात घेतलेली एक दुर्बीण होती, नाटकाला नेतात तसली, नाजूक दांडीची. तिच्या डाव्या भिंगाला तडा होता आणि त्यातून एका पाखराची दोन दिसत. म्हणून ते डाव्या डोळ्याने मोजलेली संख्या निम्मी करून लिहीत. एकदा मी विचारलं, उजव्याच डोळ्याने का पाहत नाही? ते म्हणाले, "मग डाव्याने काय करायचं?"

त्यांच्या पत्नीला, काकूंना, या सगळ्याची सवय झाली होती. निघताना त्या आमच्या हातांवर लाडू ठेवत आणि शांतपणे म्हणत, "ह्यांना म्हणावं, एकदा त्या वहीत माझंही नाव घाला. वीस वर्षं पहाटे चारला उठते आहे, एक खाडा नाही." रावसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करीत. पण मी पाहिलंय, त्यांचे कान लाल होत.

आता ससाण्याबद्दल.

वरळीच्या कोळीवाड्याच्या अलीकडे, किनाऱ्यालगत, वीज पडून शेंडा गेलेला एक ताड होता. त्या उघड्या खोडावर दर आश्विनात एक बहिरी ससाणा येऊन बसतो, असं रावसाहेबांचं म्हणणं होतं. एक म्हणजे तोच. डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं, त्यावरून ते ओळखत. अकरा वर्षं तोच ससाणा, तोच ताड, आणि येण्याचा आठवडाही तोच. आमच्यापैकी कुणीच तो पाहिला नव्हता, कारण त्या आठवड्यात रावसाहेब एकटेच जात. आमच्या फेऱ्या त्यानंतर सुरू होत, आणि तोवर तो वरळीच्या किल्ल्याकडे सरकलेला असे. त्यामुळे कचेरीत तो थट्टेचा विषय होता. कुणी दांडी मारली की आम्ही म्हणायचो, 'ताडावर आहे'.

दुसऱ्या एका खात्यात पाखरांचा नाद असलेले एक साहेब होते. त्यांच्या मंडळींचं एक त्रैमासिक निघे. रावसाहेबांनी धीर करून त्यांना पत्र लिहिलं. माझं अक्षर बरं म्हणून ते पाच वेळा मलाच उतरवावं लागलं. साहेबांचं उत्तर आलं, सभ्य आणि थोडं हसरं. ससाणे येतात हे खरं, पण तेच पाखरू हजारो मैलांवरून परतून त्याच झाडावर बसतं हे ऐकलेलं नाही. दाखवाल तर तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदी तुमच्या नावाने छापू. मात्र लवकर, कारण मी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आगबोटीने कायमचा विलायतेला चाललो आहे.

ते पत्र रावसाहेबांनी किती वेळा वाचलं कोण जाणे. घड्या पडून ते चार ठिकाणी फाटलं. त्यांनी साहेबांना एकच अट घातली, बंदूक आणायची नाही. ती मान्य झाली. त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला एकही लाल शेरा मारला नाही आणि एकदा तर मस्टर दहावर दहा मिनिटांनी मिटलं. आम्हाला चैन पडेना.

त्या रविवारी आम्ही नऊ जण होतो. साहेब व्हिक्टोरियातून वरळीपर्यंत आले आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून चिखलात उतरले. उतरले ते तिथेच रुतले. दोघातिघांनी धरून त्यांना काढायला सुरुवात केली, एक पाय निघाला की दुसरा जाई. रावसाहेबांना धीर निघेना. मला खूण करून ते पुढे निघाले.

ताडाजवळ पोचायच्या आधीच कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला. वरळीतले सगळे कावळे त्या ताडाभोवती जमून नुसते ओरडत होते. रावसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग माझ्या हातात दिली. ताडाच्या खोडाच्याच रंगाचं ते पाखरू, सांगितल्याशिवाय दिसलं नसतं. छाती काढून शांत बसलेलं. कावळे अंगावर येत होते, तरी त्याचं लक्ष समुद्राकडे. मधूनच त्याने डावा पंख सैल केला, आणि पांढरं पीस मला स्वच्छ दिसलं. इतके दिवस ज्याला हसलो तो समोर हजर होता. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. रावसाहेबांनी घड्याळ काढलं, सात वाजून पस्तीस मिनिटं, आणि नोंद केली.

तेवढ्यात खालून आवाज आले. ताडाच्या पलीकडे, पाण्याजवळ, एका कोळी कुटुंबातल्या म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. केळीच्या पानावर पिंड ठेवला होता, शेजारी तळलेले बोंबील. घरची माणसं समुद्राकडे तोंड करून हात जोडून उभी होती. कावळा शिवायची वाट पाहत होती, आणि कावळा शिवत नव्हता. डोक्यावर शंभर कावळे ओरडताहेत आणि पिंडाला एकही तोंड लावत नाही, हे फार वाईट दिसत होतं.

त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. होडी विकणार नाही हे कबूल झालं. धाकटीचं लग्न थाटात करू हेही झालं. मग धाकटा मुलगा थोरल्या भावजयीकडे वळला. ती सगळ्यांपासून चार पावलं दूर, जमिनीकडे तोंड करून, रिकामं ताट घेऊन उभी होती.

"हिलाच पुसा," तो म्हणाला. "त्या राती म्हाताऱ्यानं बोंबील मांगलं, तर हिनं पेज दिली. उपाशी गेला आमचा बाप. कावला शिवला नाय तर आजच हिला माहेरी पोचवून येतो."

ती एवढंच म्हणाली, "ताप होता त्यांना." कुणी ऐकलं नाही. तिचा नवरा वाळूकडे पाहत होता. सासू रडत होती. भटजींनी आभाळाकडे पाहिलं, चढत्या भरतीकडे पाहिलं आणि दर्भ हातात घेतला. कावळा येत नसला की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी उरकतात. शास्त्राची त्याला मुभा आहे. पण गावात त्याचा अर्थ एकच, मेलेला नाराज गेला. आणि कुणामुळे गेला, ते तिथे ठरूनच चुकलं होतं.

मी रावसाहेबांना म्हटलं, कावळे ससाण्याच्या मागे लागलेत म्हणून खाली येत नाहीत, एवढं त्यांना जाऊन सांगूया.

रावसाहेब म्हणाले, "त्यांना कावळा हवा आहे. कारण नकोय."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. मागे वळून साहेब कुठवर आले ते पाहिलं. साहेब यायला पंधरा मिनिटं होती. दर्भाचा कावळा व्हायला पाच. आयुष्यभर मिनिटं मोजलेल्या माणसाला हा हिशेब कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्यांनी मस्टर खिशात ठेवलं, कोटाची गुंडी लावली आणि ताडाकडे निघाले.

पुढचं पाहून मला हसू आवरेना, आणि आजही आठवलं की आधी हसूच येतं. शिंकलो तरी डोळे वटारणारा हा माणूस ताडाखाली उभा राहून छत्री उघडत-मिटत 'हूट हूट' करू लागला. ससाण्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समुद्राकडे पाहू लागला. रावसाहेबांनी चिखलाचे गोळे मारले, ते त्यांच्याच पागोट्यावर पडले. मग पागोटंच पडलं. शेवटी उपरणं सोडून दोन्ही हातांनी फडकवत ते ताडाभोवती गोल धावू लागले आणि ओरडू लागले, "जा! अरे जा बाबा, जा!" त्यांचा आवाज फाटला होता. मी हसता हसता थांबलो. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला ते हाकलत होते.

ससाणा उडाला. माहीमच्या बाजूला, पाण्यावरून, सरळ. कावळे थोडं अंतर त्याच्या मागे गेले, मग कंटाळून परतले, आणि तेव्हा त्यांना भूक आठवली. एक खाली उतरला. मग तीन. पहिल्याने आधी बोंबीलच उचलला.

किनाऱ्यावर सगळी एकदम रडायला लागली. सासूने जाऊन थोरलीचा हात धरला. थोरली मात्र रडत नव्हती. ती ताट घेऊन तशीच उभी होती आणि आमच्या दिशेने पाहत होती. मी तेव्हा त्याचा काही विचार केला नाही.

साहेब पोचले तेव्हा रावसाहेब पागोट्यावरचा चिखल खरवडत होते. साहेबांनी रिकाम्या ताडाकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे आहे? रावसाहेबांनी इंग्रजीत उत्तर दिलं, होता साहेब, मी त्याला रजा दिली. साहेब मोठ्याने हसले. काळ्या कारकुनाची गोड सबब असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी रावसाहेबांची पाठ थोपटली, आणि शुक्रवारी ते आगबोटीने गेले.

परतताना बांधावर रावसाहेबांनी मला गाठलं. म्हणाले, "तुम्ही काही पाहिलेलं नाही. ससाण्यामुळे कावळे अडले होते असं कोळीवाड्यात पोचलं, तर हा कावळा खरा नव्हे म्हणून त्या बाईच्या मागे पुन्हा लागतील." मी मान हलवली. आणि मग कचेरीत वर्षभर जी थट्टा झाली ती मी ऐकली. रजेवर गेलेल्या ससाण्याचा अर्ज कुणी लिहिला, कुणी त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली. शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत असे. पण गप्प बसणं वेगळं आणि सगळ्यांबरोबर हसणं वेगळं, आणि मी हसलो होतो. त्याची खंत मला आजही आहे.

पुढच्या आश्विनात फेरीला कुणीच आलं नाही. मी एकटा गेलो. बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं, रजा नको होती, तरी गेलो. रावसाहेब वाटेत एकदाच म्हणाले, "मी त्याला माती मारली. पाखरू ते लक्षात ठेवत असेल का हो?"

ताड रिकामा होता. आम्ही तासभर उभे राहिलो. मग त्यांनी मस्टर काढलं, त्या आठवड्यापुढे 'गैर' एवढं लिहिलं, आणि पेन्सिल तिथेच थांबली.

कोळीवाड्याकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. मी ओळखलं. थोरलीच होती. ती आमच्यापाशी थांबली, पाटी उतरवली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचं पाखरू बेस्तवारीच आयलंय."

रावसाहेबांनी वहीवरून मान वर केली.

"सकालचं भरतीला किल्ल्यावर बसतंय. हितं कावले तरास देतान ना. डाव्या पंखाला पांढरं हाय, तेच." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी त्या दिशी हाकललंत, मना वाटलं परत येनार नाय. म्हणून मी रोज बघत होते."

एवढं बोलून ती गेली. बाजाराची वेळ होती तिची.

मी म्हटलं, चला रावसाहेब, किल्ला दहा मिनिटांवर आहे, पाहून येऊ, मग हजेरी भरा. कायदा तुमचाच आहे.

"तिने पाहिलंय," रावसाहेब म्हणाले. त्यांनी 'गैर' खोडलं आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, 'हजर, गुरुवार'. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वरळीच्या बाईंच्या सांगण्यावरून'.

ते मस्टर आता माझ्याकडे आहे. रावसाहेब गेल्यावर काकूंनीच आणून दिलं. सतरा वर्षांच्या नोंदी आहेत त्यात. दुसऱ्याच्या शब्दावर भरलेली हजेरी तेवढी एकच.